मार न खाणारा विद्युत

माणसाला कमरेत धरून पाण्याच्या टाकीवर कसं फेकायचं, हे मी पोटासाठी वर्षानुवर्षं लिहीत आले. "बाई, तुम्ही कुठे होतात नोकरीला?" असं कुणी विचारलं की मी "छापखान्यात" एवढंच सांगते. कॉमिक्स लिहीत होते म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, ते या वयात मला सोसवत नाही. शाळेत मास्तरीण असते तर लोकांनी पायाला हात लावला असता. मी आपली राक्षसाच्या तोंडी किती वेळा "हा हा हा" घालायचं याचा विचार करत म्हातारी झाले.

आमचं 'अग्निपंचक' अकोल्याहून निघायचं. मालकांचा खरा धंदा लग्नपत्रिका, कॅलेंडरं आणि बियाण्यांच्या पिशव्या छापायचा. लग्नसराई संपली की मशीन रिकामं पडायचं, ते पडू नये म्हणून त्यांनी पोरांसाठी हे कॉमिक काढलं, आणि चक्क चाललं. एसटी स्टँडवरच्या स्टॉलला चिमट्याने लटकलेलं असायचं. बाप तिकिटाच्या रांगेत आणि पोरगं त्या चिमट्याखाली मान वर करून, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यावर अजून जगते म्हटलं तरी चालेल.

एकट्या वीराची गोष्ट लिहिणं सोपं असतं. पथकाची फार अवघड. एका चौकटीत पाच जण उभे केले की त्यांतले चार जण लग्नाच्या फोटोतल्या पाहुण्यांसारखे नुसते उभे राहतात. म्हणून प्रत्येकाला काम वाटून द्यावं लागतं. आमच्याकडे एक उचलणारा होता, एक उडणारा, एक डोकं चालवणारी, एक भांडण उकरून काढणारा आणि एक मार खाणारा. बाहेरच्यांना वाटतं पोरांना उचलणारा आवडत असेल. मुळीच नाही. पोरांचा जीव मार खाणाऱ्यावर असतो. तो पडतो, आता हा संपला असं वाटतं, आणि म्हणूनच पोरगं पान उलटतं. त्याला मार बसला नाही तर गोष्ट जागची हलत नाही. आमच्या पथकात हे काम विद्युतचं होतं. बोटांतून वीज सोडायचा, पण ती सोडायच्या आधी भरपूर कुटून घ्यायचा.

चित्रं काढायचे बाळापूरचे याकूबभाई. आधी सिनेमाची पोस्टरं रंगवायचे, मग दुकानांच्या पाट्या. त्यांच्या वडलांना माणसांची चित्रं काढणं पसंत नव्हतं. त्यावर याकूबभाईंनी स्वतःपुरता एक तोडगा काढला होता. मनाने चेहरा रचायचा नाही, जित्याजागत्या माणसाचा घ्यायचा आणि तोही विचारून. "मनानं चेहरा बनवनारा मी कोन, बाई?" ते म्हणायचे. "बनवनारा अलग हाय. आपून फक्त मागून घेऊन राहिलो."

तर मुलगी पाहायला जावं तसे आम्ही दोघं चेहरा मागायला जायचो. पोहे यायचे, चहा यायचा, इकडच्या तिकडच्या गप्पा व्हायच्या, मग याकूबभाई हळूच विषय काढायचे. संमती घ्यायची ती घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची. चेहरा घराण्यातून आलेला असतो, तेव्हा विचारायचं घरालाच, असा त्यांचा हिशेब. अंक निघाला की पहिली प्रत त्या घरी द्यायची, मगच स्टॉलला. लोक आम्हाला वेडे समजत. पण दालमिलवाल्या पहिलवानाने गजबाहूसाठी चेहरा दिला, एका एसटी कंडक्टरने वायुदूतासाठी, एका कंपाउंडरने तिरसट कोपनाथासाठी, आणि कवायत शिकवणाऱ्या बाईंनी प्रज्ञाशलाकेसाठी. त्या बाई अंक आला की वर्गात लपवून ठेवत, असं त्यांच्याच पोरी सांगायच्या.

विद्युतचा चेहरा याकूबभाईंना अमरावतीच्या फुलबाजारात सापडला. विजय नावाचा कॉलेजातला पोरगा. घर भातकुलीकडचं, झेंडू-शेवंतीचं शेत, वडील नव्हते. बसच्या टपावरून फुलांची टोपली उतरवताना तो कुणाशी तरी भांडत होता आणि भांडता भांडता हसत होता. आम्ही त्याच्या आईकडे गेलो. सिंधूबाई अंगणात बसून हार ओवत होत्या. याकूबभाईंनी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी सुई थांबवली नाही.

"चेहरा नेऊन काय करसान जी?"

मी खरं ते सांगितलं. तुमचा मुलगा वीर होईल, पण दर अंकात मार खाणार. त्यावर ती बाई इतकी हसली की मांडीवरची फुलं सांडली. "मारा बाप्पा! माह्या हातचा मार तं त्याले लागतच नाई. तुमच्यानं सुधरला तं पाहा." विजय खांबाला टेकून हसत उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

पुढे कवायतीच्या बाई अपघातात गेल्या. याकूबभाईंनी प्रज्ञाशलाका काढायची सोडली. मालक तडकले, वाचकांची पत्रं आली, पण हा माणूस हलेना. "ज्याचा चेहरा होता, तो घेऊन गेला," एवढंच उत्तर. शेवटी मी लिहिलं की प्रज्ञाशलाका दूरच्या मोहिमेवर गेली आहे. मरण लिहायचं नाही, नुसतं दूर पाठवायचं, ही युक्ती माझी. त्या वेळी मला ती फार हुशारीची वाटली होती.

मग घरोघरी केबल आलं, पाठोपाठ मोबाईल आले. स्टॉलवरचा चिमटा रिकामा झाला, कॉमिक बंद पडलं, मालकही गेले. मी निवृत्त झाले आणि लोकांना "छापखान्यात" असं सांगू लागले.

कोरोना सरल्यावर मालकांचा पुतण्या नितीन माझ्या दारात उभा राहिला. त्याचा अमरावतीत फ्लेक्स छापायचा आणि डिझाइनचा धंदा आहे. "काकू, अग्निपंचक परत काढायचं. पोरांसाठी नाही, त्यांच्या बापांसाठी. तेव्हा वाचणारे आज कमावते झालेत. तेच पाच वीर, याकूबकाकांचीच चित्रं, रंग माझ्या दुकानातली मुलं कॉम्प्युटरवर भरतील." मला हुरूप आला हे कबूल करते. या वयात कुणी दार वाजवून काम द्यायला येत नाही.

याकूबभाईंनी फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हात चालते, बाई. पन आधी पाहून येऊ, कोन कोन हाय."

आम्ही फिरलो. पहिलवानाच्या घरी दार उघडणाऱ्या सुनेच्या चेहऱ्यावरूनच कळलं. भिंतीवर हार घातलेली तसबीर होती, ती पहिलवानाची नव्हती. याकूबभाईंनी काढलेला गजबाहू होता, मुकुटासकट. मुलगा म्हणाला, "बाबांचा चांगला फोटोच नव्हता." कंडक्टरचं घर विकलं गेलेलं, ते गेल्याची बातमी शेजाऱ्यांनी सांगितली. कंपाउंडर तर कधीच गेले होते. पंचकात माणूस गेला की पाठोपाठ आणखी जातात, असं म्हणतात. नाव ठेवताना आमच्या पंचांगवाल्या गुरुजींनी नाक मुरडलं होतंच. मी असलं मानत नाही. पण परतीच्या ऑटोत मी गेलेले बोटांवर मोजत होते.

जिवंत कोण होतं? जे तेव्हा चौकटीच्या कडेला उभे असायचे, ते. ढोल्या हवालदाराचा चेहरा देणारे सायकलवाले काका ठणठणीत होते. चहावाली काशीमावशी, म्हणजे अकोल्याच्या बाजारात वांगी विकणारी एक बाई, मला ओळखून भांडली, की दहा अंकांत मला एकदाही लढायला दिलं नाही. खलनायकाच्या चेंगट मुनीमाला चेहरा देणारे गृहस्थ धान्यबाजारातून निवृत्त होऊन नातवंडं सांभाळत होते. आणि खुद्द खलनायक कालनेत्र! गणिताच्या शिकवण्या घेणारे ते सर अजून ताठ चालत होते, केसही काळे. नको त्याला आयुष्य फार म्हणतात ते उगाच नाही.

"मंग हेच पथक," याकूबभाई म्हणाले.

नितीनने डोक्याला हात लावला. "काकू, हवालदार, मुनीम, चहावाली आणि व्हिलन? यांचे गुडघे दुखतात!" मी म्हटलं, दुखू देत. खलनायकाने पस्तावून जुने गुप्त अड्डे दाखवायचे, मुनीमाने त्यांच्या किल्ल्या काढायच्या, काशीमावशीने गावभराच्या कानगोष्टी आणायच्या, आणि ज्याचं कुणी कधी ऐकलं नाही त्या हवालदाराने आरोळी ठोकली की समोरचा जागीच थिजायचा. मला लिहायला हात शिवशिवत होते. नितीनला चार जणांचं गणित पटेना, पंचक म्हणजे पाच हवेतच. पाचवा विद्युत होता. विजय आता चाळिशी ओलांडलेला असणार, तो तरी असेलच, असं धरून आम्ही अमरावतीला गेलो.

देवळाच्या रस्त्यावर फुलांच्या दुकानात सिंधूबाई एकट्याच बसल्या होत्या. याकूबभाईंनी विचारलं, "ताई, विजय कुठी हाय?"

त्यांनी आमच्याकडे पाहिलं, ओळखलं आणि पदर तोंडाला लावला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. दवाखान्यात पायी चालत गेला होता, चाकाच्या खुर्चीवर बसून आईला हात करून आत गेला. "मंग घरी आनलाच नाई त्याले. तिकडूनच नेलं. कोनी तोंड पाहू देलं नाई." हे सांगताना हात हार ओवतच होते. गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी हार बांधून दिला, आणि मग पुन्हा आमच्याकडे वळल्या.

"तुमी काहून आले जी?"

पुस्तक परत निघतंय, असं मी सांगितलं. सांगायला नको होतं की काय, कोण जाणे. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"मंग त्याले घ्या न त्यात!"

"ताई," याकूबभाई म्हणाले, "ज्याचा चेहरा होता त्याच्यासंग गेला. मी कसा काढू?"

"तवा तुमी त्याले विचारलं होतं का, भाऊ? मले विचारलं होतं. तो तं नुसता हासत उभा होता. मी अजून जित्ती हाय न? मंग मी देऊन राहिली."

नियम त्यांचाच होता. स्टँडवर बसची वाट पाहताना ते म्हणाले, "बाई, त्या मायनं मले माह्याच गोष्टीत पकडलं." त्यानंतर कित्येक दिवस त्यांनी फोन केला नाही. एके सकाळी केला आणि एवढंच म्हणाले, "पाचवा लेहून टाका."

त्यांनी विद्युत एकोणिशीचाच काढला. मागितला होता तो तेवढाच, म्हणाले. चार म्हाताऱ्यांच्या मधोमध तो हसरा पोरगा उभा.

पहिल्या अंकाची पहिली प्रत आम्ही रिवाजाप्रमाणे भातकुलीला नेली. विजयची बायको वाचून दाखवत होती आणि सिंधूबाई प्रत्येक चौकटीवर बोट ठेवून आपला मुलगा शोधत होत्या. सापडला की नुसतं "हा पाहा" म्हणायच्या. मग ते पान आलं. नव्या खलनायकाचा, पोलादी विंचवाचा फटका बसून विद्युत भिंतीवर आदळतो, ओठातून रक्त. माझ्या हिशेबाने अंकातलं सगळ्यात जमलेलं पान. त्यांनी त्या चौकटीवर पूर्ण तळहात ठेवून ती झाकली.

"लागलं असन त्याले."

सुनेने पुढचं वाचायचं थांबवलं.

"बाई, एक सांगू का? त्याले मारू नका. तिकडे त्याचं काय काय झालं, मी पाह्यलं नाई. इथी तं मी पाहून राहिली न."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

आता धंद्याचं सांगते. मार न खाणारा मारखाऊ वीर लिहून पाहा एकदा! मी सगळं करून पाहिलं. फटके बाजूने घालवले, विंचवाची नांगी हवेत अडकवली, विद्युतला ऐन लढाईत गच्चीवर पहारा करायला बसवला. तो मार कुणाला तरी खावा लागणारच, म्हणून हवालदाराला दिला, तर सत्तरीच्या माणसाला मारतात म्हणून वाचक चिडले. म्हाताऱ्या पथकाचं आधी कौतुक झालं होतं. मोबाईलवर लोक त्यांची चित्रं एकमेकांना पाठवत होते. पुढे एकच तक्रार येऊ लागली, की विद्युत भित्रा झाला. कुणी लिहिलं, आमच्या लहानपणी हा सगळ्यांच्या पुढे असायचा. ते अंक मी आयुष्यात लिहिलेले सगळ्यात वाईट अंक आहेत. हे मला लिहितानाच कळत होतं, आणि तरी मी तसेच लिहिले. त्याचं दुःख होतं, पश्चात्ताप होत नाही. दोन्हींत फरक आहे.

नितीन एकदा तणतणत आला. "काकू, हा पोरगा करतो काय?"

"उभा राहतो."

"तेच म्हणतो मी. त्याला शहीद करू या. एक जबरदस्त अंक काढू. वाचक रडले पाहिजेत. मग त्याच्या जागी नवीन कोणी."

मी त्याला सिंधूबाईंचं सगळं सांगितलं. तो वाईट मुलगा नाही. पेनाचं टोपण काढत-घालत म्हणाला, "मग शहीद नको. पण काकू, असं चालणार नाही. आणखी एक अंक काढू आणि थांबू." त्याचं बरोबर होतं. अंक पडून राहत होते आणि त्याला फ्लेक्सच्या पैशातून छापावे लागत होते.

हे सांगायला मी एकटी गेले. सिंधूबाई शेवंतीच्या पाकळ्या निवडत होत्या. ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आता तो कुठी जाईन?"

माझ्यापाशी तयार उत्तर होतं, वर्षानुवर्षं वापरलेलं. दूरच्या मोहिमेवर. पण त्या बाईसमोर ते तोंडातून निघेना. दूर तर तो गेलेलाच होता, तेही तोंड न दाखवता. मी म्हणाले, "तुम्ही सांगा, ताई. शेवटचं पान तुमचं."

त्यांना विचार करावा लागला नाही. "घरी आना त्याले. बाजारातून आला की तो आंगनातच थांबे. टाकीतलं पानी घे, पाय धुये आन मंग आत येऊन म्हने, माय, काय केलं खायाले? तेवढं काढा. आनखी कायी नको."

शेवटच्या अंकात म्हाताऱ्यांनी विंचवाला एकदाचं गाडलं. ती लढाई मी चार पानांत उरकली. शेवटचं पान याकूबभाईंनी चौकटी न पाडता अख्खं एक चित्र म्हणून काढलं. अंगण, पाण्याची टाकी, रिकाम्या टोपल्या, दोरीवर वाळत टाकलेला विद्युतचा मुखवटा, आणि तो वाकून तांब्याने पायांवर पाणी ओततोय. दारात आई हवी होती. तिचा चेहरा मागायला ते स्वतः गेले, तर सिंधूबाई म्हणाल्या, "माहा चेहरा कायले? पाठ घ्या." म्हणून दारात आई पाठमोरी आहे, चुलीकडे निघालेली. त्या पानावर मी एक शब्द लिहिला नाही.

पहिली प्रत घेऊन आम्ही दोघं गेलो. म्हाताऱ्यांच्या लढाईत सिंधूबाईंना रस नव्हता, ती पानं त्यांनी भराभर उलटली. शेवटचं पान आल्यावर सुनेने वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं. सिंधूबाईंनी अंक मांडीवर घेतला. टोपल्यांवरून बोट फिरवलं, टाकीवरून फिरवलं, मग त्याच्या केसांवरून. मला वाटलं, जमलं. इतक्या वर्षांत एवढं नीट पान आमच्या हातून झालं नव्हतं. याकूबभाई डोळे पुसत होते.

मग त्यांनी पान उलटलं. मागे मलपृष्ठावर बियाण्यांची जाहिरात होती. त्या परत मागे आल्या. दोन पानं चिकटली असतील म्हणून कडेला नख घालून पाहिलं, सोडवायचा प्रयत्न केला.

"बाई, तो जेवला ते पान कुठी हाय?"

याकूबभाईंनी माझ्याकडे पाहिलं. गोष्ट लिहिणारी मी होते.

"जेवला, ताई," मी म्हणाले. "आत जाऊन पोटभर जेवला."

सिंधूबाई पुन्हा त्या चित्राकडे बघत राहिल्या. त्यांनी हळूच मान हलवली.

"नाई जी," त्या म्हणाल्या. "पाय तं अजून ओलेच हायेत त्याचे."